बुरुजाखालची पोकळी

धाकट्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरला हात लावण्याआधी वाकून काट्याकडे पाहिलं.

"किती?" थोरलीने विचारलं.

"अडीच तास. फार तर पावणेतीन. दुसरा परतीसाठी, त्याला हात लावायचा नाही."

"म्हणजे दोन तासांत खाली यायचं."

"ते त्यांना सांग," म्हणत त्याने पुढच्या सीटकडे मानेने खूण केली.

वडील पुढे बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, नाकात नळी, नजर काचेतून वर. रस्ता इथेच संपत होता. पुढे खडी, मग खुरटी झुडपं, मग चढ, आणि चढाच्या माथ्यावर ढगांना टेकलेली ती करडी भिंत. डाव्या टेकडीवरून येऊन उजव्या टेकडीपलीकडे निघून गेलेली. सकाळपासून उन्हाचा पत्ता नव्हता. वारा मात्र होता, आणि तो गाडीचं दार हातातून ओढून घेत होता.

सात किलोमीटर मागे भिंतीचा प्रसिद्ध भाग लागला होता. तिकिटांच्या खिडक्या, ओळीने उभ्या बसगाड्या, छत्री उंच धरून पुढे चालणारे वाटाडे आणि त्यांच्यामागे गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं. आईने तिथे थांबायचा आग्रह धरला होता. बसायला बाकं आहेत, चहा मिळतो, फोटोही चांगला येईल, म्हणाली. वडिलांनी नुसतं डोकं हलवलं होतं.

"ती आपली नव्हे," एवढंच ते बोलले होते.

आपली म्हणजे दोन बुरुजांमधली चाळीस पावलं. वडील गवंडी. तरुणपणी तीन वर्षं ते इथल्या डागडुजीवर होते. सुरुवातीला हाताखाली आणि शेवटच्या वर्षी स्वतः मुकादम म्हणून. हजारो वर्षांची भिंत, तिचा एक तुकडा ढासळलेला, आणि तो ज्याने पुन्हा उभा केला तो आपला बाप. लांबच्या श्रीमंत नातेवाइकाबद्दल बोलावं तसं घरात त्या भिंतीबद्दल बोललं जायचं. वडिलांचं काम सुटलं तेव्हा, घर बदलावं लागलं तेव्हा, पुढे धाप लागायला लागली तेव्हाही आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, "अहो, भिंत बांधलीय त्यांनी. ती भिंत!" पाहिली मात्र बाकी कुणीच नव्हती. पुढच्या वर्षी जाऊ, असं चाळीस वर्षं चाललं होतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी ताटावरून उठताना वडील आपणहून म्हणाले, "एकदा जाऊन येऊ."

डॉक्टरांनी नको म्हटलं नाही. त्यावरून थोरली काय ते समजली. ती एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करत होती. वडिलांचा शेवटचा एक्स-रे तिनेच काढला होता, दिव्यासमोर तिनेच धरला होता. चुन्याचे शिंतोडे उडालेल्या काचेसारखी दिसत होती दोन्ही फुफ्फुसं. आयुष्यभर फोडलेल्या दगडांची धूळ आत जाऊन बसली होती आणि आता हवेला जागा ठेवत नव्हती.

धाकट्याने प्लास्टिकची खुर्ची काढली. तिच्या हातांना त्याने आदल्या दिवशीच दोर बांधून ठेवले होते.

"बसा महाराज. वजन एवढं उतरवलंय तुम्ही, एका हाताने नेईन. दुसऱ्या हातात आईला घेईन."

"मला हात लाव, मग बघ," आई म्हणाली. ठेवणीतले कपडे, केसांना तेल, हातात पिशवी, पिशवीत थर्मास. सिलिंडरची नळी मात्र तिने कुणाला धरू दिली नाही. अख्खा चढ ती खुर्चीच्या बाजूने नळी उचलून धरून चालली, आणि मध्येमध्ये कुणाला उद्देशून नाही असं म्हणत राहिली, "हळू. हळू रे."

पाऊण तास लागला. दोनदा खाली ठेवावं लागलं. वडील बोलत नव्हते. बोलायचं तर श्वास साठवावा लागे, आणि ते कशासाठी तरी साठवत असल्यासारखे गप्प होते.

वर पोचले तेव्हा थोरलीला पहिल्यांदा दिसले ते आकडे. दोन बुरुजांमधल्या भिंतीवर, दगडादगडावर लाल रंगाने आकडे टाकले होते. काहींवर फुल्या होत्या. बुडापासून तीन हातांवर दोरी ताणली होती, आणि दोरीपलीकडे शिरस्त्राण घातलेली एक तरुण बाई लहान हातोडीने दगडांमधल्या दरजा ठोकून पाहत होती. तिच्या पायाशी वही, खडूंचा डबा आणि अर्धी खाल्लेली पोळी.

"नमस्कार," ती म्हणाली. "इकडे सहसा कुणी येत नाही. बसा ना, पण भिंतीला टेकू नका हं, काका. भरवसा नाही तिचा."

"भरवसा नाही?" आईला वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणते ती?"

"काही नाही गं आई," थोरली म्हणाली.

बाई पुरातत्त्वाच्या कचेरीतली अभियंता होती. दोन दिवस एकटीच होती बहुधा. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. हा मधला तुकडा उतरवायचा आहे, ती सांगू लागली. पूर्ण. दगड न् दगड. महिन्यापूर्वी पेपरात दिलं होतं की, कचेरीच्या नंबरासकट.

"का?" धाकट्याने विचारलं.

"चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्ती केलीय. सिमेंटने." तिने हातोडीच्या टोकाने एक दरज खरवडून दाखवली. "मूळ भिंत चुन्यातली. चुना श्वास घेतो, भिजतो, वाळतो, हलतो. सिमेंट घट्ट बसतं. पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नाही. मग दगड आतून कुजतो. हे बघा." तिने एका दगडावर बोट फिरवलं. पापुद्रे सुटून गवतात पडले. "आजूबाजूचा जुना दगडही गेला याच्यापायी. दोन हजार वर्षं टिकलेला. कुणी केलं असेल देव जाणे. घाई असणार, दुसरं काय? किंवा अक्कल नसणार."

"चला बाबा," धाकटा एकदम म्हणाला. "पलीकडून दरी छान दिसते म्हणतात."

"हो, चला," थोरलीने खुर्चीच्या हाताला हात घातला.

वडिलांनी तिच्या मनगटावर तळवा ठेवला. तळवा हलका होता, पण तिचा हात थांबला.

"कुठून सुरू करणार?" त्यांनी अभियंता बाईला विचारलं.

"डावीकडून. त्या बुरुजाच्या कोपऱ्यापासून. सोमवारी परांची बांधतोय."

"डावीकडून नको."

"का हो, काका?"

वडिलांनी श्वास घेतला. आणखी एक घेतला. आईला वाटलं ते दमले. ती पुढे झाली आणि त्यांच्या ऐवजी बोलली, मान ताठ करून, चाळीस वर्षं शेजाऱ्यांना सांगितलं त्याच आवाजात.

"अगं, ह्यांनीच तर बांधलीय ही भिंत. त्यांना नाही कळायचं तर कुणाला?"

अभियंता बाईचा चेहरा लालबुंद झाला. तिने हातोडी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"माफ करा," ती म्हणाली. "मला... म्हणजे तेव्हा सगळीकडेच सिमेंट वापरायचे. वरूनच हुकूम असायचे. तुमचा काय दोष?"

"हुकूम नव्हता." वडील तीन-तीन, चार-चार शब्दांनी बोलत होते. "मोठे मिस्त्री होते आमचे. त्यांनी सांगितलं होतं, चुनाच. चुन्याला वेळ लागतो. ओलं ठेवावं लागतं, आठवडेच्या आठवडे. ते आजारी पडून गावी गेले. मग मुकादम मी. सिमेंट मी मागवलं."

"बरं बाबा, झालं," थोरली म्हणाली. "दम लागतोय तुम्हाला."

"झालं नाही."

त्यांनी बोट उचललं. डाव्या बुरुजाच्या खाली, घोट्यापासून डोक्याच्या वर हातभर, एवढ्या जागेवरून ते बोट सावकाश फिरलं.

"तिथे आत भराव नाही. नुसते गोटे टाकलेत, वरून. सुटे. बांधलेले नाहीत. पुढून दगड लावले आणि सिमेंटने तोंड बंद केलं. डावीकडून दगड काढलात तर गोटे सुटतील. मागोमाग बुरुजाचा कोपरा येईल. परांचीवर."

अभियंता बाईने वही उचलली, पण उघडली नाही. ती त्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथे गवतात परांचीचे बांबू आणून टाकलेले होते.

"सोमवारी सहा माणसं चढणार होती तिथे," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "हे कुणाला माहीत होतं?"

"मला."

"आणि?"

"मलाच."

थोरलीने भावाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आता काहीतरी होणार. धाकटा फरश्या बसवायचं काम करत होता. एकोणीस वर्षांचा असताना त्याने पहिलं स्वतंत्र काम घेतलं होतं, एका घराची पुढची खोली. वडील न सांगता पाहायला गेले. हातातल्या काठीने त्यांनी एकेक फरशी ठोकली, सगळ्या गड्यांसमोर, आणि तीन फरश्या पोकळ वाजल्या. त्यांनी अख्खी खोली उखडायला लावली होती. आत पोकळ ठेवून वरून गुळगुळीत करणं याला काम म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात, असं म्हणाले होते. त्यानंतर कित्येक महिने धाकटा त्यांच्याशी बोलला नव्हता. पण तेव्हापासून आजवर त्याने बसवलेली एकही फरशी पोकळ वाजली नव्हती.

"माझ्या तीन होत्या, बाबा," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तीन फरश्या."

"हो."

धाकटा वळला आणि भिंतीच्या कडेकडेने चालत उजव्या बुरुजापर्यंत गेला. तिथे त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. खाली दरीत ढग उतरत होते. त्याचे हात खिशात होते, आणि खांदे वर-खाली होत होते. रडत होता की नुसता चढाचा थकवा काढत होता ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

आई खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. ठेवणीतल्या कपड्यांचा तिला विसर पडला. नळी तिने अजून हातात धरली होती. बराच वेळ ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"त्या वर्षी तुम्ही लवकर आलात," ती म्हणाली. "पावसाळ्याच्या आत. काम संपलं म्हणालात."

वडील बुरुजाच्या कोपऱ्याकडे पाहत राहिले.

"मी लिहिलं होतं तसं पत्रात. पोर सहा महिन्यांची झाली, बापाला ओळखत नाही. एवढ्यात नाही आलात तर मी माझी माहेरी निघून जाईन आणि परत यायची नाही." तिने वर पाहिलं. "अहो, मी रागात लिहिलं होतं ते. जाणार कुठे होते मी?"

"तुझं काही नाही त्यात," वडील म्हणाले.

थोरली नळीच्या गाठी सोडवायच्या निमित्ताने खाली वाकली. नळीला गाठ नव्हती. सहा महिन्यांची ती पोर म्हणजे ती. बाप पहिल्यांदा घरी आला तेव्हा तू भोकाड पसरलं होतंस, मग तासाभराने त्याच्या मिशा धरून झोपलीस, ही गोष्ट तिने शंभर वेळा ऐकली होती, आणि शंभर वेळा सगळे हसले होते. तिने काट्याकडे पाहिलं. सव्वा तास उरला होता.

पावलं वाजली. धाकटा परत आला होता. त्याचे डोळे लाल होते. तो कुणाकडे न पाहता अभियंता बाईसमोर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"हातोडी द्या. आणि खडू."

तिने दिली. तो दोरीखालून वाकून भिंतीशी गेला.

"सांगा," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "कुठून?"

वडिलांनी खुर्ची पुढे घ्यायला सांगितली. थोरलीने आणि आईने ती उचलून दोरीपर्यंत नेली. मग त्यांनी डोळे मिटले.

धाकट्याने ठोकलं. टक्. हातभर सरकून पुन्हा ठोकलं. टक्.

"नाही. डावीकडे."

टक्. टक्. टप्.

तो आवाज थोरलीलाही कळला. धाकट्याचा हात क्षणभर तिथेच राहिला. त्याने खडूने खूण केली.

"आता खाली."

टप्. टप्. टक्.

"तिथे पोकळी संपली. आता वर जा. माझी तेव्हाची उंची धर. त्याच्यावर हातभर."

धाकट्याने वळून एकदा बापाकडे पाहिलं, आणि मग आपल्याच डोक्याच्या वर हातभर अंतर मोजून ठोकलं. टप्. दोघांची उंची एकच होती तर. अर्धा तास हेच चाललं होतं. एक ठोकत होता, दुसरा डोळे मिटून ऐकत होता, आणि खडूच्या खुणा एकमेकींना मिळत चालल्या होत्या. अभियंता बाई वहीत माप उतरवत होती. शेवटी रेषा पुरी झाली तेव्हा भिंतीवर एका दाराएवढा आकार उमटला होता. आत एक माणूस उभा राहील एवढा.

"वरून उतरवा," वडील तिला म्हणाले. "उजवीकडून, थराथराने. इथे पोचाल तेव्हा आधी आडव्या फळ्या लावा. गोटे हाताने काढा. घाई करू नका."

"नाही करणार."

"सहाही जणांना सांगा."

"सांगते, काका. आजच सांगते." ती जरा थांबली. "मला हे नोंदीत लिहावं लागेल. कसं कळलं ते. तुमचं नाव नको असेल तर तसं..."

"लिहा."

"अहो," आई म्हणाली.

"लिहू दे."

अभियंता बाईने त्यांच्यासमोर उकिडवं बसून नाव लिहून घेतलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि तिने वही पुढे धरल्यावर वाचून पाहिलं. मग नावाखाली सही केली. सही वाकडी आली. ती पुन्हा करू का, असं त्यांनी विचारलं. चालेल, ती म्हणाली.

थर्मासमधला चहा कुणालाच नको होता. आईने तो थर्मासच्या झाकणात ओतून अभियंता बाईला दिला आणि "गार झाला असेल," एवढंच म्हणाली. मघाचा ताठा तिच्या आवाजात नव्हता. पण निघताना तिने वडिलांच्या गळ्याभोवतीचा मफलर सोडून पुन्हा नीट बांधला, दोन्ही टोकं सारखी आहेत ना ते पाहिलं, आणि नळी उचलली.

आता खुर्ची उतरवायची होती. चढापेक्षा उतार अवघड. धाकटा पुढून उलटा चालत होता, थोरलीने मागची बाजू धरली होती. अर्ध्या वाटेवर त्याने खुर्ची एका सपाट दगडावर टेकवली आणि हात झटकले.

"जरा दम घेऊ," तो म्हणाला. मग बापाकडे न पाहता म्हणाला, "तुम्हाला थंडी वाजते का?"

"नाही."

त्याने तरी आपलं जाकीट काढून त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं.

वरून हाक आली. अभियंता बाई धावत उतरत होती, हातात थर्मासचं झाकण घेऊन. "विसरलात हे!" थोरली चार पावलं वर गेली. झाकण देऊनही ती बाई परत फिरली नाही. तिने खाली, खुर्चीकडे पाहिलं, मग आवाज हळू केला.

"ताई, एक विचारू? रागावू नका. आमच्या कचेरीत गेला महिनाभर एक फोन येतो. रोज सकाळी, दहा-साडेदहाला. उचलला की पलीकडे कुणी बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. बराच वेळ. मग ठेवतात." तिने ओठ चावला. "आमच्याकडच्या मुलींना वाटलं कुणी वाईट माणूस आहे. एकदा फार वाईट बोलल्या त्या त्याला. काल मी तक्रार लिहून ठेवलीय, तो नंबर बंद करा म्हणून."

सकाळी दहाला आई बाजारात जाते. घरात दुसरं कुणी नसतं. थोरलीने खाली पाहिलं. वडील डोळे मिटून बसले होते, जाकिटावर दोन्ही तळवे उपडे ठेवून. त्यांच्या नळीत वाऱ्याने फडफडून आईच्या बाहीचं टोक अडकलं होतं आणि ती ते हळूच सोडवत होती.

"तक्रार राहू द्या," ती म्हणाली. "आता यायचा नाही तो फोन."

झाकण पिशवीत टाकून ती खुर्चीची मागची बाजू धरायला खाली उतरली.